शिक्षक संघटनेत समूहकेंद्री नेतृत्व कसे रुजवावे

शिक्षक संघटनेच्या कामाची एक रीत आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची आहे. अध्यक्ष, सरचिटणीस आणि त्यांच्या जवळचे चार-पाच पदाधिकारी मंत्रालयात किंवा जिल्हा परिषदेत निवेदन देतात, त्याचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅप गटावर येते आणि उरलेले सभासद त्याखाली अभिनंदन करतात. बदली, थकीत देयके किंवा निवडश्रेणीचा अडकलेला प्रस्ताव अशी कामे या रीतीने मार्गी लागतातही, त्यामुळे ती निरुपयोगी आहे असे म्हणता येणार नाही. मात्र शाळाच बंद होऊ लागतात, नियमित पदांच्या जागी कंत्राटी नेमणुका येतात किंवा शिकवण्याचा वेळ अशैक्षणिक कामांत जाऊ लागतो, तेव्हा पाच माणसांचे वजन पुरत नाही. तेथे शेकडो शाळांतील शिक्षकांनी आणि पालकांनी एकत्र उभे राहावे लागते, आणि ज्या सभासदांना वर्षानुवर्षे कधी काही विचारलेच गेले नाही ते ऐनवेळी उभे राहत नाहीत.

ज्यांना आपल्या शाखेत किंवा तालुका संघटनेत ही रीत बदलून समूहकेंद्री नेतृत्व, म्हणजे सभासदांनी मिळून निर्णय घेण्याची रीत, रुजवायची आहे, अशा शिक्षकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. तिच्यातील बहुतेक उदाहरणे अमेरिकेतील, विशेषतः शिकागो शहरातील आहेत. २००८ मध्ये मूठभर शिक्षकांनी सुरू केलेला अभ्यासगट, दोन वर्षांत संघटनेच्या निवडणुकीत त्याला मिळालेला विजय, २०१२ चा संप आणि त्यानंतरची मोठी हार, असा या प्रक्रियेचा सगळा प्रवास तेथे सलगपणे पाहता येतो.

कल्पना कोठून आली

समूहकेंद्री नेतृत्वाचा विचार एला बेकर या आफ्रिकी-अमेरिकी कार्यकर्तीने मांडला. १९४० च्या दशकात त्या ‘एनएएसीपी’ या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शाखांचे काम पाहत होत्या आणि त्यासाठी दक्षिणेतील राज्यांत सतत फिरत होत्या. शाखा म्हणजे केवळ वर्गणी गोळा करण्याची ठिकाणे नव्हेत, तेथील माणसांनी आपल्या गावचे प्रश्न स्वतः हाती घेतले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी स्थानिक कार्यकर्त्यांची प्रशिक्षण शिबिरे भरवली. एप्रिल १९६० मध्ये उपाहारगृहांतील वर्णभेदाविरुद्ध धरणे धरणाऱ्या विद्यार्थ्यांची परिषद त्यांनी उत्तर कॅरोलायनातील रॅली शहरात, शॉ विद्यापीठात बोलावली. हे विद्यार्थी आपल्या छत्राखाली यावेत असे ज्येष्ठ नेत्यांच्या संघटनांना वाटत होते, तर त्यांनी स्वतंत्र राहावे या मताला बेकर यांनी बळ दिले. त्या परिषदेतून ‘स्निक’ ही विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली. परिषदेनंतर लिहिलेल्या एका छोट्या लेखात बेकर यांनी नोंदवले की या तरुणांचा कल नेत्याभोवती जमलेल्या समूहाकडे नसून समूहातून घडणाऱ्या नेतृत्वाकडे आहे.

नेताच नको, असे बेकर यांचे म्हणणे नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. त्या स्वतः कणखर संघटक होत्या. माहिती सर्वांपर्यंत पोहोचवणे, नवी माणसे पुढे आणणे आणि निर्णय ज्यांना भोगायचा आहे त्यांच्याकडून तो करवून घेणे, हे त्यांच्या दृष्टीने नेत्याचे काम होते. बळकट माणसांना बळकट नेत्याची गरज नसते, हे त्यांचे म्हणणे याच अर्थाने घ्यायचे आहे.

सामाजिक न्यायाची शिक्षक संघटना ही दुसरी कल्पना. मिलवॉकी शहरातील शिक्षक आणि पुढे तेथील संघटनेचे अध्यक्ष झालेले बॉब पीटरसन यांनी तिची मांडणी अनेकदा केली आहे, आणि १९९४ मध्ये ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे जमलेल्या कार्यकर्त्यांनी तिचा मसुदा तयार केला. त्यांच्या मांडणीनुसार एका प्रकारची संघटना पगार आणि सेवाशर्ती एवढ्यापुरती लढते, दुसऱ्या प्रकारची अध्यापनाच्या दर्जाची जबाबदारीही घेते, आणि तिसऱ्या प्रकारची ही दोन्ही कामे न सोडता आपली शाळा ज्या वस्तीत आहे त्या वस्तीच्या हक्कांशीही स्वतःला जोडून घेते. पगाराची लढाई सोडून समाजसेवा करा, असा याचा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात. तो अर्थ चुकीचा आहे.

या दोन कल्पना एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. जी संघटना स्वतःच्या सभासदांना न विचारता निर्णय घेते ती पालकांना विचारील, ही आशा फोल आहे.

अभ्यासगटापासून सुरुवात करावी

२००४ मध्ये शिकागोच्या महापौरांनी ‘रेनेसान्स २०१०’ या नावाची योजना जाहीर केली. तिच्यानुसार सुमारे साठ सरकारी शाळा बंद करून शंभर नव्या शाळा उघडायच्या होत्या आणि त्यांपैकी बऱ्याच शाळा खाजगी व्यवस्थापनाच्या ‘चार्टर’ प्रकारच्या असणार होत्या. शाळा बंद होत होत्या त्या मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांत. शिक्षक संघटनेचे तत्कालीन नेतृत्व या प्रश्नावर थंड होते. ज्यांच्या शाळा बंद झाल्या किंवा होऊ घातल्या होत्या अशा काही शिक्षकांनी २००८ मध्ये ‘कोअर’ नावाचा गट स्थापन केला. त्यांनी एकत्र वाचन केले, शिक्षण मंडळाच्या योजनांची आकडेवारी तपासली आणि ज्या शाळेच्या बंदीवर सुनावणी असेल तेथे त्या शाळेच्या पालकांबरोबर हजर राहायला सुरुवात केली. २००९ च्या सुरुवातीस मंडळाला बंद करायच्या शाळांच्या यादीतून काही शाळा वगळाव्या लागल्या. ते यश लहान होते, पण संघटनेचे अधिकृत पदाधिकारी जेथे दिसत नव्हते तेथे हा गट दिसत होता, हे पालकांच्या आणि शिक्षकांच्या लक्षात राहिले.

आपल्याकडे सुरुवात करताना आठ-दहा शिक्षक पुरेसे आहेत, पण ते एकाच शाळेचे किंवा एकाच बॅचचे नसावेत. प्रत्येक बैठकीत एक कागद वाचायचा आणि एक काम ठरवायचे, एवढी शिस्त ठेवावी. कागद म्हणजे भाषण किंवा अग्रलेख नव्हे. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाचा अर्थसंकल्प, आपल्या केंद्रातील शाळांची पाच वर्षांची पटसंख्या, नवा शासन निर्णय, शिक्षण हक्क कायद्याचे एखादे कलम, असे दस्तऐवज घ्यावेत. शासन निर्णय बहुतेक शिक्षकांना गटावर आलेल्या चार ओळींच्या सारांशातून माहीत असतो, पूर्ण कोणी वाचलेला नसतो, आणि अधिकाऱ्यासमोर बसल्यावर ही उणीव लगेच उघडी पडते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ चेच पाहा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांव्यतिरिक्त शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत, असे ते सांगते. हे मूळ शब्दांत वाचलेल्या दहा शिक्षकांचे बोलणे ऐकीव माहितीवर बोलणाऱ्या शंभरांपेक्षा अधिक ठाम असते.

बैठकीचे अध्यक्षपद आळीपाळीने द्यावे, इतिवृत्त दर वेळी वेगळ्या व्यक्तीने लिहावे आणि ते दोन दिवसांत सर्वांना पाठवावे. वेगळी संघटना काढण्याची घाई करू नये. ‘कोअर’ने नवी संघटना काढली नाही. अस्तित्वात असलेल्या संघटनेतच राहून, दोन वर्षे काम केल्यावर, जून २०१० मध्ये तिच्या निवडणुकीत पॅनेल उभे केले आणि फेरमतदानात ते जिंकले. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कॅरेन लुइस अध्यक्ष झाल्या. महाराष्ट्रात नाराजी वाढली की नवी संघटना निघते, तिला नवे पदाधिकारी मिळतात आणि जुन्या रीतीने निवेदने सुरू होतात. या फुटीचा लाभ प्रशासनाखेरीज कोणाला झाल्याचे दिसत नाही.

प्रत्येक शाळेत माणूस हवा

या कामाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कंटाळवाणा भाग हाच आहे, आणि बहुतेक प्रयत्न येथेच सोडून दिले जातात. २०१० नंतर शिकागोच्या संघटनेने पदाधिकाऱ्यांचे पगार शिक्षकांच्या पगाराच्या पातळीवर आणले आणि संघटनबांधणीसाठी स्वतंत्र विभाग उघडला. २०११-१२ मध्ये, शिक्षण मंडळाशी व्हायच्या नव्या सेवाकराराच्या तयारीसाठी, शाळाशाळांत करार समित्या तयार करण्यात आल्या. समितीतील प्रत्येकाने सुमारे दहा सहकाऱ्यांशी समोरासमोर बोलायचे, त्यांचे म्हणणे ऐकायचे आणि त्यांना माहिती द्यायची, अशी ती रचना होती.

या समितीसाठी माणसे निवडताना उत्तम वक्ता शोधू नये. येथे सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेचा अनुभव उपयोगी पडतो. दक्षिण कॅरोलायना राज्याने सरकारी नोकरांना ‘एनएएसीपी’चे सभासद राहण्यास मनाई केली, तेव्हा सभासदत्व सोडण्यास नकार दिल्याने १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली. पुढे त्यांनी टेनेसीतील हायलँडर या लोकशाळेच्या वतीने प्रौढांसाठी नागरिकत्व वर्ग उभारले. मतदार म्हणून नोंदणी करायची तर वाचता येणे सक्तीचे होते, म्हणून हे वर्ग. १९५७ मध्ये जॉन्स बेटावर पहिला वर्ग सुरू झाला तेव्हा तो चालवण्यासाठी प्रशिक्षित शिक्षक न घेता बर्निस रॉबिन्सन या केशरचना करणाऱ्या व्यवसायातील बाईंना मुद्दाम निवडले गेले, कारण त्या लोकांचे ऐकून घेत आणि कोणाला कमी लेखत नसत. शिक्षकांच्या संघटनेला हे उदाहरण थोडे टोचणारे आहे, पण समजावून सांगण्याची सवय जडलेल्या आपल्या मंडळींना ऐकून घेणे शिकावे लागते, हे मान्य केलेले बरे.

शाळेत अडचण आली की सहकारी कोणाकडे जातात, हे पाहावे. ती व्यक्ती बहुधा मुख्याध्यापकांशी वाद घालणारी नसते. ती कदाचित वीस वर्षे पहिलीचा वर्ग घेणाऱ्या बाई असतील, किंवा सर्वांचे ऑनलाइन अर्ज भरून देणारे तरुण शिक्षणसेवक असतील. अशा व्यक्तीशी पहिली भेट एकट्याने, सभेच्या बाहेर आणि अर्धा-पाऊण तास घ्यावी. त्या भेटीत आपण कमी बोलावे. शाळेत काय बदलले तर शिकवणे सुकर होईल, ते बदलत का नाही, आणि ते बदलण्यासाठी तुम्ही स्वतः काय करू शकाल, एवढे विचारावे आणि शेवटी एक निश्चित, छोटे काम मागावे. “पाठिंबा आहे ना?” या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात आणि त्या होकाराचा काही उपयोग नसतो. दोन सहकाऱ्यांशी शुक्रवारपर्यंत बोलून त्यांचे म्हणणे कळवाल का, या प्रश्नाचे उत्तर मात्र खरे असते.

महाराष्ट्रात ही निवड करताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. प्राथमिक शाळांत महिला शिक्षकांची संख्या मोठी असूनही संघटनांच्या व्यासपीठावर त्या अभावानेच दिसतात, आणि याचे कारण त्यांच्या अनास्थेत शोधणे अन्यायाचे आहे. बैठक रविवारी दुपारी तालुक्याच्या गावी चार तास चालणार असेल, तर घर आणि शाळा दोन्ही सांभाळणारी शिक्षिका येणार कशी? केंद्राची शिक्षण परिषद ज्या दिवशी असते त्याच दिवशी ती संपल्यावर एक तासाची बैठक ठेवावी. जातीच्या ओळखीवरून बनलेले गट, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळा यांतील अंतर, जुनी निवृत्तिवेतन योजना लागू असलेले आणि १ नोव्हेंबर २००५ पासून नेमले गेलेले यांतील दरी, ही सगळी शाळेच्या पातळीवरच ओलांडावी लागते. राज्य अधिवेशनातील ऐक्याच्या ठरावाने ती बुजत नाही.

बांधणी खरी आहे की कागदावर, याची चाचणी लहान कृतींनी घेत राहावे. शिकागोत शुक्रवारी लाल टी-शर्ट घालून शाळेत येण्याचे आवाहन केले जाई आणि किती शाळांत किती जणांनी ते पाळले हे मोजले जाई. जेथे प्रतिसाद कमी तेथे संघटक पुन्हा जात. २०१२ मध्ये खऱ्या मतदानाआधी शाळांमध्ये सरावाचे मतदानही घेण्यात आले. या मोजणीला तेथे फार महत्त्व होते, कारण इलिनॉय राज्याने २०११ मध्ये कायदा करून शिकागोच्या शिक्षकांच्या संपासाठी एकूण सभासदांपैकी ७५ टक्क्यांचा होकार आवश्यक केला होता. मतदान न करणारा सभासद या हिशेबात विरोधातच जमा होत असे. एवढा कौल मिळणे अशक्य आहे, असे त्या कायद्याच्या पाठीराख्यांनी उघडपणे म्हटले होते. जून २०१२ मध्ये एकूण सभासदांपैकी जवळपास ९० टक्क्यांनी संपाच्या बाजूने मत दिले. हा आकडा भाषणांनी गाठता येत नाही.

मागण्या कशा ठरवाव्यात

मागण्यांची यादी कार्यकारिणीने बसून करू नये. शाळेशाळेतून प्रश्न मागवावेत, त्यांची वर्गवारी करावी, आणि मसुदा पुन्हा शाळांकडे पाठवून त्यावर मते घ्यावीत. याला दोन-तीन महिने लागतात. तो वेळ वाया गेला असे वाटणारे पदाधिकारी प्रत्येक संघटनेत असतात; त्यांना मुदतीचे वेळापत्रक आधी लिहून द्यावे, म्हणजे कुरकुर कमी होते.

फेब्रुवारी २०१२ मध्ये शिकागोच्या संघटनेने शहरातील मुलांना कोणत्या शाळा मिळायला हव्यात, यावर एक अहवाल प्रसिद्ध केला. वर्गातील मुलांची संख्या, ग्रंथालये, कला आणि संगीताचे शिक्षक, परिचारिका, समुपदेशक, वस्त्यावस्त्यांतील शाळांना मिळणारा विषम निधी यांचा त्यात समावेश होता. कायद्याने वर्गाच्या आकारासारख्या अनेक विषयांवर संप करण्याचा संघटनेचा हक्क आधीच काढून घेतला होता, तरी हे विषय संघटनेने सार्वजनिक चर्चेत आणले. परिणामी, शिक्षक पैशासाठी मुलांना ओलीस धरत आहेत, हा नेहमीचा आरोप महापौरांना शिक्षकांवर चिकटवता आला नाही, आणि संपाच्या काळात सरकारी शाळांतील बहुसंख्य पालक शिक्षकांच्या बाजूने असल्याचे जनमत चाचणीत दिसले.

पालकांना मागण्या ठरवतानाच सामावून घ्यावे. मागण्या ठरल्यावर पाठिंब्याचे पत्र मागायला जाणे म्हणजे त्यांचा वापर करणे होय आणि लोकांना ते समजते. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथील शिक्षक संघटनेने पालकांबरोबर अभ्यासगट चालवले आणि त्यातून निघालेले मुद्दे वाटाघाटीच्या टेबलावर नेले. आपल्याकडे यासाठी कायद्याने दिलेली जागा तयार आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, अशी शिक्षण हक्क कायद्याची तरतूद आहे. पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरली आहे, आणि ती तशी उरण्यात शिक्षकांची सोयही असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळांत विलीन करण्याचा विषय २०२३ मध्ये राज्यात पुढे आला, तेव्हा प्रश्न एकट्या शिक्षकांच्या समायोजनाचा नव्हता. सहा-सात वर्षांची मुले पावसाळ्यात ओढा ओलांडून पुढच्या गावी कशी जाणार, हाही होता. ज्या शाळेत समितीची बैठक खरोखर होत असते, तेथे या विषयावर ग्रामसभेचा ठराव एका आठवड्यात होऊ शकतो.

शाळेत काम करणारी इतर माणसेही या यादीत हवीत. २०१९ च्या शिकागोतील संपात शिक्षकांबरोबर विशेष गरजा असलेल्या मुलांचे मदतनीस, सफाई कर्मचारी आणि बसमधील मदतनीस यांची वेगळी संघटनाही संपावर गेली. आपल्या शाळेतील पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंना महिन्याला किती मानधन मिळते, हे आपल्या संघटनेच्या किती पदाधिकाऱ्यांना माहीत आहे?

वाटाघाटी आणि निर्णयाची वेळ

बंद दाराआडच्या वाटाघाटी ही नेताकेंद्री संघटनेची सर्वांत जुनी सवय आहे. शिकागोत २०१२ च्या वाटाघाटींसाठी वेगवेगळ्या शाळांतील आणि वेगवेगळे विषय शिकवणारे तिसेक सामान्य सभासद संघटनेच्या चमूत घेतले गेले. शिष्टमंडळ मोठे असले की गोंधळ होतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून कोण बोलणार, विश्रांती केव्हा मागायची आणि आपापसातील मतभेद खोलीबाहेरच कसे मिटवायचे, याचा सराव आधी करावा लागतो. आपल्याकडे शिक्षणाधिकाऱ्यांच्या भेटीला जातानाही पाच पदाधिकाऱ्यांऐवजी दोन पदाधिकारी आणि तीन सामान्य शिक्षक न्यावेत, त्यांपैकी एकाने टिपण ठेवावे आणि त्याच संध्याकाळी ते सर्व शाळांना पाठवावे. अधिकाऱ्याने तोंडी दिलेले आश्वासन आणि लेखी दिलेले आश्वासन टिपणात वेगवेगळे लिहावे.

१० सप्टेंबर २०१२ रोजी शिकागोतील सुमारे २६,००० शिक्षक आणि कर्मचारी संपावर गेले. आठवड्याच्या शेवटी तडजोडीचा आराखडा तयार झाला. रविवारी, १६ सप्टेंबरला, शाळाशाळांतून निवडून आलेल्या प्रतिनिधींची सभा भरली. आम्ही मजकूर पाहिलेला नाही आणि ज्यांनी आम्हाला पाठवले त्यांनीही तो वाचलेला नाही, असे सांगून सभेने संप मागे घेण्यास नकार दिला. पुढचे दोन दिवस शिक्षक आपापल्या शाळेबाहेरच्या पदपथावर बसून कराराचे कलम न् कलम वाचत होते. महापौर न्यायालयात धावले, वृत्तपत्रे चिडली. मंगळवारी प्रतिनिधी पुन्हा जमले, त्यांनी संप स्थगित केला आणि बुधवारी शाळा उघडल्या. पुढे ऑक्टोबरमध्ये सर्व सभासदांच्या मतदानात करार संमत झाला. सात शालेय दिवसांच्या त्या संपातील मला सर्वांत मोलाचे वाटतात ते हे शेवटचे दोन दिवस. अध्यक्षांची लोकप्रियता तेव्हा शिखरावर होती. त्यांनी शब्द टाकला असता तर अनेकांनी न वाचताच हात वर केले असते, आणि नेमके तेच टाळले गेले.

पश्चिम व्हर्जिनियात २०१८ मध्ये याच्याही पुढची गोष्ट घडली. राज्यातील सर्व ५५ काउंटींतील (म्हणजे तेथील जिल्ह्यांतील) शिक्षक संपावर असताना संघटनांच्या नेत्यांनी गव्हर्नरांशी समझोता जाहीर केला, पण आश्वासन कायद्यात उतरल्याशिवाय परत जायचे नाही असे सभासदांनी ठरवले. शाळेच्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांसाठी हेच शिक्षक त्या दिवसांत अन्नाची पाकिटे बांधत होते. अखेर राज्याच्या सर्व कर्मचाऱ्यांना ५ टक्के वेतनवाढ देणारा कायदा झाल्यावर संप संपला.

म्हणून संघटनेच्या घटनेत एक साधी तरतूद करून घ्यावी. कोणताही समझोता त्याच दिवशी स्वीकारला जाणार नाही. मजकूर सर्व शाखांना देऊन किमान ठरावीक तासांनी, शाळानिहाय चर्चेनंतरच प्रतिनिधी मत देतील. संप पुकारण्याचा निर्णय जेवढा लोकशाही पद्धतीने घेतला जातो तेवढाच तो मागे घेण्याचाही घेतला जावा. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यभर झालेला संप चर्चेनंतर समन्वय समितीने मागे घेतला, तेव्हा पुष्कळ सामान्य कर्मचाऱ्यांना ती बातमी दूरचित्रवाणीवरून समजली. निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर मते वेगळी असू शकतात. पण तो कळण्याची ही वाट योग्य नव्हती.

पदाधिकाऱ्यांना चौकटीत ठेवणे

चांगल्या माणसांनाही चौकट लागते. ज्या २०११ च्या कायद्याचा वर उल्लेख आला, त्याच्या वाटाघाटीत कॅरेन लुइस यांनी आपल्या सभासदांशी पुरेशी चर्चा न करता संमती दर्शवली होती. त्यावर संघटनेतून, त्यांच्या स्वतःच्या गटातूनही, टीका झाली आणि प्रतिनिधी सभेने त्या कायद्याचा पाठिंबा काढून घेतला. लुइस यांनी ते स्वीकारले. समूहकेंद्री नेतृत्वाचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, कारण यात नेता चुकला, समूहाने त्याला उघडपणे थांबवले आणि तरीही दोघांचे काम पुढे चालू राहिले. २०१४ मध्ये लुइस यांना मेंदूच्या गाठीचे निदान झाले आणि त्या दैनंदिन कामातून दूर झाल्या. संघटना कोलमडली नाही. २०१९ मध्ये तिने पुन्हा अकरा शालेय दिवसांचा संप केला आणि प्रत्येक शाळेत परिचारिका आणि समाजकार्यकर्ता नेमण्याचे बंधन करारात टप्प्याटप्प्याने लिहून घेतले.

महाराष्ट्रात या चौकटीची गरज अधिक आहे. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघांच्या सात जागा आहेत, आणि त्यामुळे माध्यमिक शिक्षकांच्या संघटना आमदारकीच्या इच्छुकांभोवती गोळा होतात. आमदार असण्याचे फायदे आहेत, पण संघटनेचे पद आणि उमेदवारी एकाच हाती राहिली की प्रत्येक आंदोलनाचा मुहूर्त निवडणुकीकडे पाहून ठरू लागतो. सलग दोन कार्यकाळांपेक्षा अधिक काळ एकाच पदावर न राहणे, उमेदवारी घेतल्यास पद सोडणे, जमाखर्च दर सहा महिन्यांनी शाखांना पाठवणे आणि पदाधिकाऱ्याने आठवड्यातील काही तास तरी वर्गात शिकवणे, असे नियम सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावेत. ते मंजूर करून घेण्याची वेळ आपले पॅनेल जिंकण्यापूर्वीची असते. नंतर कोणाला आठवत नाही.

जेथे हे फिसकटते

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ओशन हिल–ब्राउन्सव्हिल येथे १९६८ मध्ये जे घडले ते प्रत्येक शिक्षक संघटनेने अभ्यासावे. कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन मुलांच्या शाळांवर वस्तीचे नियंत्रण असावे म्हणून तेथे स्थानिक मंडळ नेमले गेले. या मंडळाने मे महिन्यात १९ शिक्षक आणि प्रशासकांना, त्यांतील बहुतेक श्वेतवर्णीय, शाळांतून दूर केले. संघटनेने नोकरीच्या संरक्षणासाठी शरद ऋतूत संपांमागून संप केले. शहरभरच्या शाळा एकूण ३६ दिवस बंद राहिल्या. योग्य प्रक्रियेविना शिक्षकाला हटवू नये ही संघटनेची भूमिका तत्त्वतः बरोबर होती. पण आमच्या मुलांच्या शाळेत आमचा शब्द चालावा, हे त्या वस्तीचे म्हणणेही बरोबर होते. दोघांत आधीचे कोणतेही नाते नसल्याने दोन हक्क एकमेकांसमोर उभे ठाकले आणि कृष्णवर्णीय पालक व शिक्षक संघटना यांच्यातील कटुता पुढे कित्येक वर्षे टिकली. तक्रारखोर पालक, हस्तक्षेप करणारा सरपंच, असे शब्द आपल्या बैठकीत सहज येऊ लागले की हे प्रकरण आठवावे.

दुसरा धोका विजयानंतरचा. २०१२ चा संप जिंकल्यावर जेमतेम आठ महिन्यांनी, मे २०१३ मध्ये, शिकागोच्या शिक्षण मंडळाने सुमारे ५० शाळा एकाच वेळी बंद करण्याचा निर्णय घेतला. मोर्चे, सुनावण्या आणि न्यायालयीन दावे होऊनही संघटना आणि पालक तो थांबवू शकले नाहीत. ही हार मोठी होती आणि तिचा फटका पुन्हा मुख्यतः कृष्णवर्णीय मुलांना बसला. मात्र पालकांशी जोडलेले नाते तुटले नाही. २०१५ मध्ये शिकागोतील डायट हायस्कूल ही शाळा वाचवण्यासाठी बारा जणांनी, ज्यांत पालक आणि आजी-आजोबाही होते, ३४ दिवस उपोषण केले. ते चालवण्यात संघटनेच्या जुन्या सोबती असलेल्या वस्तीतील संस्था पुढे होत्या, आणि ती शाळा २०१६ मध्ये सर्वांना खुली असलेली सरकारी शाळा म्हणून पुन्हा उघडली.

हार किंवा जीत, कोणत्याही मोठ्या आंदोलनानंतर महिन्याभरात प्रत्येक शाखेत आढावा बैठक घ्यावी, आणि ती पदाधिकाऱ्यांनी चालवू नये. कोणत्या शाळेतून किती जण आले, कोण प्रथमच पुढे आले, पालकांपैकी कोण सोबत राहिले आणि कोण दुरावले, कोणता निर्णय कोणाला न विचारता घेतला गेला, एवढ्या प्रश्नांची उत्तरे नावांसह लिहून ठेवावीत. जे प्रथमच पुढे आले त्यांची यादी पुढच्या अभ्यासगटाच्या निमंत्रकाकडे द्यावी, आणि पहिल्या बैठकीचे अध्यक्षपद त्यांच्यापैकीच एखाद्याला द्यावे.